एका हाताची ढाक

घारपुरे वकिलांनी मानसिंगाचा डावा हात मनगटाला धरून वर उचलला आणि सोडून दिला. हात खाली आला तो साक्षीदाराच्या पिंजऱ्याच्या कठड्यावर थाडकन आपटला. मानसिंगाच्या तोंडावरची रेघसुद्धा हलली नाही. हातच मेलेला, त्याला काय लागायचं?

मागच्या बाकावर अंजनानं मात्र दातओठ खाल्ले. नवऱ्याचा हात म्हणजे काय विहिरीतला पोहरा, वर ओढायचा नि सोडून द्यायचा?

“साहेब, वादीचं म्हणणं, देवीची लस टोचली म्हणून हा हात मेला,” सरकारी वकील जज्जसाहेबांकडे वळून म्हणाले. “माझा प्रश्न एवढाच, की हा हात जिवंत कधी होता?”

पुढचे दोन-चार काळे कोट हसले. घारपुरे अंगानं किरकोळ, फुंकर मारली तर उडतील असे. पण सांगलीच्या कोर्टात भल्याभल्यांना त्यांच्या जिभेचा धाक. आज ती जीभ मानसिंगावर चालली होती.

“कडेगावच्या मैदानात तुम्ही कुस्ती हरलात, बरोबर?”

“बरोबरीत सुटली,” मानसिंग म्हणाला.

“कालच्या पोरानं तुम्हाला चीत केलं.”

“न्हाई. माजी पाठ आजवर मातीला लागल्याली न्हाई.”

“लागली. सगळ्या मैदानानं बघितली. तेव्हा लस नव्हती, सुई नव्हती. मग सरकारनं भरपाई कशाची द्यायची? मुळात नव्हतीच त्या पैलवानकीची?”

हे धडधडीत खोटं होतं. अंजनाचा बाप आकाराम वस्ताद शेजारी बसला होता, तो त्या मैदानात स्वतः पंच होता. पण सरकारी वकिलाचं कामच ते, पैलवानाची किंमत पाडायची म्हणजे सरकारला कमी द्यावं लागतं. अंजनाला हे सगळं समजत होतं, आणि समजून तिचं डोकं आणखी तापत होतं.

“जरा बाहेर या बरं,” घारपुरे म्हणाले. “साहेबांना नीट बघू दे.”

मानसिंग पिंजऱ्यातून बाहेर आला. घारपुरे त्याच्या समोर उभे राहिले, त्याचा निर्जीव पंजा त्यांनी आपल्या पंजात घेतला आणि हसत म्हणाले, “बोला पैलवान. पाठ लागली होती की नव्हती?”

अंजना बाकावरून अर्धी उठली. वस्तादाची लेक ती, तालमीच्या दारात रांगत मोठी झालेली. समोरासमोर उभं राहून हाताला हात लावला की त्याला सलामी म्हणतात, आणि सलामी झाली की तोंडाचं काम संपलं, हे तिला कुणी शिकवावं लागत नव्हतं. वकिलाला कोण सांगणार?

“वकील, हात सोडा!” आकाराम वस्ताद ओरडला.

उशीर झाला होता. मानसिंगाचा उजवा हात घारपुऱ्यांच्या मानेवरून गेला आणि मान काखेत अडकली. पाय आत शिरला, कंबर वळली, आणि काळा कोट, पांढरी पट्टी, चष्मा, सगळं टेबलाच्या वरनं गेलं. शहाबादी फरशीवर माणूस आपटला की कसा आवाज होतो, तो त्या दिवशी कोर्टानं ऐकला. दौत फुटली. कागद उडाले. घारपुरे पाठीवर पडले होते, दोन्ही खांदे जमिनीला लागलेले, आणि तोंडातून रक्त येत होतं.

“शाब्बास!” वस्तादाच्या तोंडून निघून गेलं.

“आबा, गप बसा!” अंजनानं बापाच्या मांडीवर चापट मारली.

पट्टेवाले धावले, दोन पोलीस धावले. मानसिंगानं कुणाला हात लावला नाही. तो उजवा हात वर करून उभा होता. मैदान मारलेला पैलवान फेरी मारायच्या आधी उभा राहतो तसा, लोकांच्या आरोळीची वाट बघत. पोलिसांनी त्याला काठ्यांनी गुडघ्यावर मारला, पाठीवर मारला, पालथा पाडला. पालथा पडतानाही त्यानं पाठ फरशीला लागू दिली नाही.

आणि अंजनाच्या पुढ्यात, त्यांचा स्वतःचा वकील, तासगावकर, कपाळाला हात लावून म्हणत होता, “गेले! आठ आणे गेले!”

हे आठ आणे म्हणजे काय, ते सांगायला हवं.

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. देवीचा रोग मुळासकट उपटायचा म्हणून सरकार पेटलं होतं. इस्लामपूरजवळच्या त्यांच्या वाडीत पथक आलं ते भल्या पहाटे, पोलीस घेऊन, थेट तालमीत. पैलवानांनी काही अवाजवी मागितलं नव्हतं. चार दिवसांवर मैदान होतं. लस टोचली की दंड धरतो, ताप भरतो. मैदान होऊ द्या, मग रांगेनं टोचून घेतो, असं वस्तादानं हात जोडून सांगितलं. पथकाचा साहेब म्हणाला, आजच. तेही कदाचित निभलं असतं. पण एक पोलीस पायातल्या बुटासकट आखाड्यात उतरला. ज्या मातीला पैलवान कपाळ लावतो, जिच्यात ताक, तेल नि हळद जिरवतो, त्या मातीत बूट! मानसिंगानं त्याला कमरेला धरून तालमीच्या बाहेर फेकला.

मग जे व्हायचं ते झालं. काठ्या चालल्या. दोन पोरांची डोकी फुटली, वस्तादाची बोटं मोडली, टोचणाऱ्या माणसाच्या नाकावर कुणाचं तरी कोपर बसलं. शेवटी सहाजण मानसिंगाच्या अंगावर बसले. टोचणाऱ्याच्या नाकातनं रक्त गळत होतं नि राग डोक्यात गेला होता. ज्या सुईनं नुसती कातडी टोचायची, ती त्यानं खलबत्त्यात शेंगदाणे कुटावेत तशी दंडात कुटली. “घे! घे!” म्हणत कुटली. बाकीच्यांना ज्या सुईनं टोचलं तीच, पुसली नाही की उकळली नाही.

आठवड्यात दंड मांडीएवढा झाला. काखेत पू धरला. सांगलीला नेल्यावर डॉक्टरांनी खांद्यापासून कोपरापर्यंत चिरला. जीव वाचला, शीर गेली. हात अंगाला होता म्हणून होता.

उजवा हात मात्र शाबूत होता, आणि तो घरावर चालू लागला. पैलवानानं ताटं फेकली, रांजण फोडला, मुका बैल आसुडानं सोलून काढला. एके दिवशी भाकरी करपली म्हणून त्यानं अंजनाच्या कानाखाली मारली. तिच्या कानात वारं भरलं, डोळ्यांपुढं अंधार आला. अंधार गेल्यावर तिनं चुलीजवळची फुंकणी उचलली आणि त्याची भुवई फोडली.

“तुला एक हात हाय,” ती किंचाळली, “मला दोन हायत! ध्यानात ठेव!”

तो भुवईतलं रक्त पुसायचंही विसरून खाली बसला आणि रडला. पुन्हा त्यानं हात उगारला नाही. पण अंजनाला ते रडणं माराहून वाईट वाटलं. मारणारा निदान घरात होता. रडणारा कुठं गेला होता, कुणास ठाऊक. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचा. तालमीच्या वाटेनं जायचं नाही म्हणून शेताला लांबच्या वाटेनं जायचा.

तेव्हा बाप-लेक विश्रामबागेत तासगावकर वकिलांच्या बंगल्यावर गेले. सरकारवर दावा लावायचा. भरपाई मिळाली तर अंजनाला दोन म्हशी घ्यायच्या होत्या, दूध डेअरीला घालायचं होतं. एका हाताच्या माणसाला ना नांगर धरता येतो ना पाण्याची बारी. घर चालणार कशावर?

“फी आत्ता देऊ नका,” तासगावकर म्हणाले. माणूस गोड बोलायचा. “भरपाईच्या रुपयातले आठ आणे माझे. नाही मिळाली, तर माझी मेहनत पाण्यात. फक्त हे कागदावर लिहायचं नाही. वकिलानं असा वाटा घेणं कायद्यात बसत नाही.”

“मग कायद्याच्या माणसानं घ्यायचा कशाला?” अंजनानं विचारलं.

“मी घेतला नाही तर तुमचा दावा चालवणार कोण, बाई?”

 गरिबाला दाव्याचा स्टॅम्प माफ होतो म्हणे, पण मानसिंगाच्या नावावर दोन एकर जमीन, म्हणून तो कायद्यानं गरीब नव्हता. दारातली एकुलती एक म्हैस विकून स्टॅम्प भरला. दोन म्हशींसाठी एक म्हैस गेली, आणि वर अर्धा वाटा वकिलाचा. आणि इतकं करून आज तिच्या डोळ्यांदेखत सगळं फरशीवर सांडलं होतं.

जज्जसाहेब उभे राहिले होते. 

“हा माणूस अपंग? चांगल्या माणसाला टेबलावरनं फेकतो, आणि म्हणे हात गेला?”

तासगावकरांनी कागद गोळा करायला सुरुवात केली. अंजनाला ओरडून सांगायचं होतं, की साहेब, तुमचे डोळे कुठं होते? ढाक हा डाव दोन हातांनी लावतात, ह्यानं एका हातानं लावला. डावा नुसता लोंबत होता, बघितलं न्हाईत काय? पण तिचं कोण ऐकणार? वादीची बायको ती. आणि वस्ताद म्हणजे वादीचा सासरा.

“साहेब.”

आवाज जमिनीवरून आला. दोन कारकुनांनी घारपुऱ्यांना उठवून बसवलं होतं. त्यांच्या गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता. त्यांनी तोंडातलं रक्त रुमालात घेतलं.

“नोंद करा, साहेब. मला एकाच हातानं धरलं. उजव्या. डावा माझ्या पोटाशी होता आणि त्यात काही नव्हतं. ओल्या पंच्यासारखा. तो हात खरोखर गेलेला आहे.”

एवढं बोलून त्यांना भोवळ आली. त्यांनी हे का सांगितलं, ह्यावर पुढं कोर्टाच्या आवारात लय चर्चा झाली. कुणी म्हणे डोक्याला मार बसल्यामुळं बरळले. अंजनाचं मत वेगळं होतं. जिभेनं खोटं बोलणं त्यांचा धंदा होता, पण अंगाला जे कळलं ते खोटं कसं बोलणार?

निकाल लागला. सहा हजार रुपये भरपाई. सरकारनं पुढं भांडण वाढवलं नाही. पैसे हातात पडले त्याच दिवशी तासगावकरांनी तीन हजार मोजून घेतले, पावती दिली नाही, आणि चहा मागवला.

“आता दुसरा खटला,” ते म्हणाले. “भर कोर्टात सरकारी वकिलाला मारलंय. पैलवान आत जाणार. पण मी सोडवतो.”

“कसं?” अंजनानं विचारलं.

“अहो, सोपं आहे. ह्याचा हात निकामी, असं कोर्टानंच लिहून दिलंय. निकामी हाताचा माणूस दुसऱ्याला फेकेल कसा? घारपुरे टेबलाच्या पायाला अडखळून पडले. बस्स.”

“आन त्येनी तर सांगितलंय, धरलं म्हनून.”

“धरलं म्हणाले. आधार द्यायला धरलं असेल.” तासगावकर हसले. “घारपुरे आडवे येणार नाहीत, त्याची काळजी सोडा. एका हाताच्या माणसानं टाकलं म्हणून बाररूममध्ये लोक त्यांना सळो की पळो करून सोडतात. अडखळले असं ठरलं तर त्यांनाही हवंच आहे.”

“आन तुमची फी?”

तासगावकरांनी बशीत चहा ओतला.

“उरलेले तीन.”

अंजनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे हात गेला मानसिंगाचा, म्हैस गेली तिची, आणि सहाच्या सहा हजार ह्या बशीत! पण मान हलवून ती बाहेर आली. म्हशी काय, पुढंमागं घेता येतील. नवरा तुरुंगात मार खाऊन आला तर दुसरा कुठनं आणायचा?

तारखेच्या दिवशी सकाळी एस्टीत जामिनावर सुटलेला मानसिंग खिडकीशी बसला होता. अंजनानं तीन हजार फडक्यात बांधून कमरेला खोचले होते.

“वकील इचारंल तसं म्हनायचं,” तिनं बजावलं. “पडलं म्हनायचं.”

मानसिंगानं खिडकीची झडप वर सारली.

“आवं, काय सांगतेय मी?”

“पैसं दे त्येला,” मानसिंग म्हणाला. “पर म्या तसं म्हननार न्हाई.”

“काय जातंय तुमच्या बापाचं? तोंडानं दोन शबूद म्हनायचं!”

“दोन वरसात एकच कुस्ती केली म्या, अंजे.”

“कुस्ती! मेल्या म्हाताऱ्या वकिलाला आपटला, ती कुस्ती व्हय?”

तिनं त्याला एस्टीभर ऐकू जाईल असं झापलं. तो खिडकीबाहेर उसाकडं बघत राहिला. सांगली येईपर्यंत ती बोलत होती, आणि नंतर तिला एकदम ध्यानात आलं, की कोर्टातल्या त्या दिवसानंतर तो घरात भिंतीकडे तोंड करून झोपलेला नाही. परवा तालमीवरून गेला होता. आत गेला नाही, पण त्या वाटेनं गेला होता.

मॅजिस्ट्रेटसाहेब तरुण होते, घाईत होते.

“आरोपीला गुन्हा कबूल आहे?”

“नाकबूल, साहेब,” तासगावकर उठले आणि धडाधड बोलू लागले. निकामी हात, कोर्टाचा निकाल, टेबलाचा पाय. समोर घारपुरे बसले होते, एक खांदा अजून खाली झुकलेला. ते फरशीकडे बघत होते. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारल्यावर त्यांनी मान हलवली. होकाराची हलवली की नकाराची, ते कुणाला कळलं नाही.

“पडलं न्हाईत ते,” मानसिंग म्हणाला. “म्या टाकलं.”



“साहेब, अशिक्षित माणूस आहे, कायदा कळत नाही!” तासगावकर वळले. त्यांचा आवाज चढला. “अंजनाबाई, सांगा नवऱ्याला! आत जाईल तो!”

अंजना उठली. कमरेच्या पुरचुंडीवर हात दाबून उभी राहिली. सगळे तिच्याकडे बघत होते, मानसिंग सोडून. तो सरळ समोर बघत होता, आणि त्याची मान ताठ होती. अशी मान तिनं लग्नाच्या आधी, बापाच्या तालमीत, दारातून चोरून बघितली होती.

“साहेब, मी हुते तितं,” ती म्हणाली. “ढाक हुती. एका हाताची. माझा बा वस्ताद हाय, त्येलाबी कवा जमली न्हाई.”

मागं आकाराम वस्तादानं फेट्याच्या शेवटानं डोळे टिपले.

घारपुऱ्यांनी मान वर केली. मानसिंगाकडे बघत ते उठले.

“खरं आहे, साहेब,” ते म्हणाले. “मी अडखळलो नाही. टाकलं मला.”

तासगावकरांनी फाईल मिटली आणि कुणाकडे न बघता बाहेर गेले. तीन हजार अंजनाच्या कमरेला तसेच राहिले.

सजा तीन महिन्यांची झाली. मानसिंगाच्या उजव्या मनगटात बेडी अडकवून पोलीस त्याला जिन्यानं खाली नेऊ लागला. पोलिसाची मान बैलासारखी जाड होती, कान चेचून बसके झालेले, तालमीत घासलेल्या पैलवानाचे असतात तसे. अंजना मागून चालली होती. पदरानं तोंड दाबून धरलं होतं, कोर्टात रडायचं नाही असं ठरवलं होतं तिनं. अर्ध्या जिन्यात पोलिसानं मागंपुढं बघितलं आणि हळू आवाजात विचारलं,

“पैलवान, खरंच एका हातानं?”

“मग काय!”

“कशी रं लावली, गड्या? मान सुटली आसंल की.”

“सुटती कशी? काखंत घ्यायची. आसा पाय आत घालायचा, आन कंबर...” मानसिंग जिन्यातच वळला. बेडीला ओढ बसली, पोलिसाचा तोल गेला, टोपी पायऱ्यांवरून घरंगळत खाली गेली, आणि मानसिंग मोठ्यानं हसला. सुई टोचल्यापासून अंजनानं ते हसणं ऐकलं नव्हतं. तिचा पदर तोंडावरून सुटला.

“आवं, ह्येला तरी टाकू नका!” ती वरनं ओरडली. “ह्ये तीन हजार म्हशींचं हायत, वकिलाचं न्हाईत!”